गृहशिक्षण आणि अभिजात विद्या
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो आमच्यावर चालून आला. मागे एका स्नेहसंमेलनात पंगतीला बसलो असता शेजारच्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी हलक्या आवाजात विचारले, "तुमची अमेरिकेतली नात शाळेत जात नाही म्हणे? प्रकृती ठीक आहे ना?" त्यांचा हेतू मायेचाच होता. आपल्या घरांत मूल शाळेत जात नाही याचे अर्थ तीनच: आजार, दारिद्र्य किंवा वाया जाणे. नातीची प्रकृती उत्तम आहे, एवढे सांगून आम्ही वेळ मारून नेली. परंतु चिटणीसांनी ते बोलणे ऐकले होते. "पुढे कधी तरी याच विषयावर बोला," अशी त्यांची आज्ञा झाली, ती आज पाळीत आहोत.

आमच्या आयुष्याची ३४ वर्षे माध्यमिक शाळेत संस्कृत शिकविण्यात गेली. शाळेनेच आम्हांस अन्न दिले आणि मानही दिला. यास्तव २०१७ साली आमच्या ज्येष्ठ कन्येने दूरध्वनीवरून कळविले, की नोकरी सोडून मुलीला घरीच शिकविण्याचे तिने ठरविले आहे, तेव्हा आम्ही तिला जे बोललो ते या व्यासपीठावरून सांगण्याजोगे नाही. कन्या औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर, रुग्णालयाच्या औषधविभागात चांगल्या हुद्द्यावर होती. जावई संगणकाच्या व्यवसायात. वास्तव्य उत्तर कॅरोलायना राज्यात, रॅले या राजधानीलगतच्या कॅरी गावी. मुलगी तेव्हा सात वर्षांची. शाळेविरुद्ध तक्रार म्हणावी तर मोठी काहीच नव्हती. शिक्षिका प्रेमळ, इमारत प्रशस्त. मात्र जे येते तेच पुन्हा गिरवून मुलगी कंटाळून घरी येई, आणि मराठी तिच्या ओठांवरून हळूहळू ओसरत चालली होती. कन्येचे म्हणणे एवढेच होते: "बाबा, दिवसाचे ताजे तास मी परक्यांना देते, आणि उरलेल्या दमलेल्या तासांत तिला मराठी, संस्कृत आणि आजीच्या गोष्टी द्यायला पाहते. हा हिशेब मला जमत नाही."

तिकडे हा प्रकार बेकायदेशीर असेल, अशी आम्हांस आशा होती. तीही फोल ठरली. उत्तर कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली गृहशाळेच्या बाजूने निर्णय दिला, आणि १९९३ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकविणे कायदेशीर झाले होते. उत्तर कॅरोलायनात पालक निदान माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण असावा, गृहशाळेची नोंद करावी, वर्षाचे नऊ महिने ती चालवावी, हजेरी व लसीकरणाची कागदपत्रे ठेवावीत, आणि दरसाल मुलाची एक प्रमाणित परीक्षा घ्यावी, एवढ्या अटी आहेत. १९९९ मध्ये त्या देशात अशी सुमारे साडेआठ लक्ष मुले होती. २०१६ मध्ये ती सुमारे सतरा लक्ष झाली. म्हणजे आमच्या कन्येने काही वेडा साहसवाद केला नव्हता. एका रुळलेल्या वाटेवर तिने पाऊल टाकले होते.

आता या वाटेला अनेक फाटे आहेत. मुलाला त्याच्या इच्छेवर मोकळे सोडावे असे मानणारे आहेत. शाळेचेच वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावणारेही आहेत. कन्येने पत्करलेला फाटा अभिजात शिक्षणाचा, आणि आमच्या मनातील अढी सुटू लागली ती या शब्दामुळेच.

या पद्धतीचे मूळ प्राचीन रोमन व मध्ययुगीन युरोपीय शिक्षणक्रमात आहे. तेथे सात विद्या मानीत. पहिल्या तिहींस ट्रिव्हियम म्हणत: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. पुढील चार, अंकगणित, भूमिती, संगीत आणि ज्योतिष, यांस क्वाड्रिव्हियम हे नाव होते. काळाच्या ओघात हा क्रम मोडला. १९४७ साली डोरोथी सेयर्स या विदुषीने ऑक्सफर्ड येथे 'शिक्षणाची हरवलेली हत्यारे' या आशयाचे एक व्याख्यान दिले आणि त्या जुन्या त्रयीला नवा अर्थ लावला. या बाई गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्सी याच्या कादंबऱ्यांमुळे प्रसिद्ध. पुढे त्यांनी दांतेच्या महाकाव्याचेही भाषांतर केले. त्यांचे म्हणणे असे, की व्याकरण, तर्क व वक्तृत्व हे नुसते विषय नव्हेत. त्या बालकाच्या वाढीच्या तीन अवस्था आहेत. पहिली पोपटाची: लहान मुलाला पाठ करण्यात गोडी असते, तेव्हा पाठ करू द्यावे. दुसरी उलट बोलण्याची: बाराव्या वर्षाच्या सुमारास मूल प्रत्येक गोष्टीस हरकत घेते, तेव्हा त्याला नीट हरकत घ्यावयास शिकवावे. तिसरी काव्यमय: त्या वयात स्वतःचे काही सांगावेसे वाटू लागते, तेव्हा ते सुंदर रीतीने सांगण्याची कला द्यावी. आपण पोपटपंची हा शब्द शिवीसारखा वापरतो. बाईंनी पोपटाला सन्मानाने पहिल्या इयत्तेत बसविले, ही गोष्ट आमच्यासारख्या रूपावलीच्या मास्तरास का आवडणार नाही?

हे व्याख्यान अनेक वर्षे बहुतेकांच्या विस्मरणात पडून होते. १९९१ साली डग्लस विल्सन यांनी त्यावर आधारलेले पुस्तक लिहिले, तेव्हापासून अमेरिकेत ही चळवळ फोफावली. तीत बहुसंख्य मंडळी निष्ठावंत ख्रिस्ती आहेत, आणि त्यांचे पाठही त्याच श्रद्धेने लिहिलेले असतात. आमच्या कन्येला ते सोयीचे नव्हते. तिने आधार घेतला तो जेसी वाइज आणि त्यांची कन्या सुझन वाइज बाउअर या मायलेकींनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या जाडजूड ग्रंथाचा. जेसीबाई स्वतः शिक्षिका. त्यांनी १९७० नंतरच्या दशकात आपली मुले व्हर्जिनियात घरीच शिकविली होती. बारा वर्षांचे शिक्षण त्यांनी चार-चार वर्षांच्या तीन आवर्तनांत बसविले आहे. प्रत्येक आवर्तनात इतिहास प्राचीन काळापासून आजपर्यंत क्रमाने येतो: प्रथम गोष्ट म्हणून, मग कारणांचा शोध म्हणून, आणि शेवटी मूळ ग्रंथांच्या वाचनातून. इजिप्तचा राजा मुलीला सातव्या वर्षी भेटतो, अकराव्या वर्षी भेटतो आणि पंधराव्या वर्षी पुन्हा भेटतो. आमच्या शाळेत शिवाजीमहाराज चौथीत येऊन गेले की त्यांची खरी भेट पुन्हा कधी होते, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी आठवून पाहावे.

येथे एक मोह आवरावयास हवा. हे सर्व आपल्याकडे होतेच, असे म्हणून टाळी घेण्याचा तो मोह. साम्य आहे, यात संशय नाही. आपल्या जुन्या पंडितांस 'पदवाक्यप्रमाणज्ञ' अशी पदवी लावीत: पद म्हणजे व्याकरण, वाक्य म्हणजे मीमांसा, प्रमाण म्हणजे न्याय. पाठशाळेत मुलगा आधी शब्दरूपावली व अमरकोश मुखोद्गत करी, मग काव्ये, लघुकौमुदी व तर्कसंग्रह यांकडे वळे. क्रम तोच, आणि वयाची जाणही तीच. परंतु त्या पाठशाळेचे दार कोणाला उघडे होते आणि कोणाला नव्हते, हे आपण जाणतो. त्याविषयी पुढे बोलावे लागेलच.

२०१७ च्या जूनमध्ये आम्ही प्रथम तिकडे गेलो ते, खरे सांगावयाचे तर, कन्येचे मन वळविण्यासाठी. परत आलो ते नातीचे संस्कृतचे शिक्षक होऊन. त्या ग्रंथात लॅटिन होते. कन्येने त्या जागी संस्कृत घातले आणि ते आमच्या गळ्यात बांधले. २०२३ पर्यंत आम्ही चार वेळा, दर वेळी सुमारे सहा महिने, तेथे राहिलो. मधल्या काळात संगणकाच्या पडद्यावरून पाठ चाले. येथील सायंकाळ ती तेथील सकाळ, हे चांगले जुळले.

सकाळी साडेआठला जेवणाच्या टेबलावरच वर्ग भरे. आधी गणित, कारण डोके ताजे असते. मग एक उतारा ऐकावयाचा आणि पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगावयाचा. आई तो लिहून घेई. ही कथनाची रीत आम्हांस फार आवडली. ३४ वर्षांत आम्ही मुलांना शेकडो प्रश्न विचारले, पण "आता तूच सांग" असे म्हणून गप्प बसलो नाही. नंतर सुलेखन, श्रुतलेखन, एक दिवसाआड इतिहास व विज्ञान. साडेबाराला सारे आटोपे. उरलेला दिवस वाचनाचा, सायकलचा आणि आळसाचा. सार्वजनिक ग्रंथालयातून दर आठवड्यास पिशवीभर पुस्तके येत.

आणि या सुंदर घडीत आम्ही विघ्न आणले. पोपटाची अवस्था हे शब्द ऐकून आम्हांस जणू परवानाच मिळाला. पहिल्या सहा महिन्यांत आम्ही नातीकडून 'देव', 'माला', 'वन' ही तर रूपे घोकून घेतलीच. पुढे 'राजन्', 'विद्वस्' आणि धातूंचे दहा गण हेही मागे लावले. ती हसत हसत पाठ करी. पाहुणे आले की आम्ही तिला उभी करीत असू आणि पाहुणे थक्क होत. एके दिवशी सहज तिला विचारले, "मुलगा वनात जातो, हे संस्कृतात कसे म्हणशील?" ती आमच्याकडे पाहतच राहिली. 'वन' शब्दाची सर्व रूपे तिला येत होती. त्यांतले एक रूप उचलून वाक्यात ठेवावयाचे असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजोबा, ही भाषा आहे का?"

या प्रश्नाने आम्हांस रात्रभर झोप आली नाही. आमच्या वर्गातून शेकडो मुले चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन गेली. त्यांपैकी किती जण आज एखादी साधी संस्कृत गोष्ट आनंदासाठी वाचीत असतील? पुढे असे वाचनात आले, की स्वतः सेयर्सबाईंनीही १९५२ साली याच दुःखाला वाचा फोडली होती. सात वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास वडिलांनी त्यांना घरी लॅटिन सुरू करून दिले. पुढे शाळा व विद्यापीठही झाले. परंतु इतक्या वर्षांच्या अभ्यासानंतरही लॅटिन सहजपणे वाचता येत नाही, अशी त्यांची खंत होती. अभिजात शिक्षणाची ध्वजा उभारणाऱ्या व्यक्तीनेच ही कबुली द्यावी, याचा आम्हांस मोठा आधार वाटला. आम्ही रूपावली बाजूस ठेवली, भांडारकरांची मार्गोपदेशिका काढली, आणि रोज चार वाक्ये बोलावयाची व एक छोटी गोष्ट वाचावयाची असे ठरविले. पाठांतर सोडले नाही. परंतु पाठ केलेल्या शब्दाला त्याच दिवशी काम द्यावयाचे, हा नियम केला.

ज्ञातिभगिनींनो, घरी दिलेल्या अभिजात शिक्षणाचे आपल्याच भूमीवरील सर्वांत मोठे उदाहरण एका स्त्रीचे आहे, आणि ते शिक्षण देणारीही स्त्रीच होती. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या गुरूला पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकविताना पाहिले, आणि आपणही पत्नीस शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. लक्ष्मीबाई शिकल्या. त्यापायी शास्त्रीबुवांना उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे शास्त्राधार दाखवून आपले समर्थन करावे लागले. पुढे वडील वृद्ध झाल्यामुळे रमाबाईंना शिकविण्याचे काम लक्ष्मीबाईंवर आले. दिवसभर संसाराची कामे. म्हणून पहाटे मुलीला उठवून, पाखरे बोलू लागण्याच्या वेळी, त्या पाठ देत. साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हे चालले. भागवत, अमरकोश, व्याकरण सारे मुखोद्गत. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे, की आईने मनाला असे वळण लावले, की नंतरचे शिक्षण फारशी कोणाची मदत न घेता आपले आपण करता यावे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या.

ही कथा आम्ही नातीला अभिमानाने सांगितली. तिची दुसरी बाजू मात्र कन्येने आम्हांस दाखविली. त्या कुटुंबाने मुलांना बाहेरच्या जगापासून जपून दूर ठेवले होते. लौकिक विद्येचा स्पर्शही नको होता. १८७० नंतरच्या दुष्काळात कुटुंबाची पुंजी संपली, तेव्हा यांच्याजवळ सहस्रावधी श्लोक होते, परंतु पोट भरण्याची एकही विद्या नव्हती. अंगमेहनत करावी तर विद्येचा आणि जातीचा अभिमान आडवा येई, भीकही मागवेना. आई, वडील आणि थोरली बहीण त्या दिवसांत गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी भटकत कलकत्त्यास पोहोचले. हे रमाबाईंनी स्वतःच स्पष्टपणे लिहिले आहे. कन्या म्हणाली, "बाबा, लक्ष्मीबाईंनी मुलीला पुढे एकटीने शिकता येईल असे शिकवले, तेवढे मला हवे. घराची दारे लावून घेतली, ते नको." आम्ही तीस उत्तर दिले नाही, कारण ते आमच्याजवळ नव्हते.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन आचार्य क्विंटिलियन हा या लोकांचा परमपूज्य. वक्त्याच्या शिक्षणावर त्याने बारा भागांचा ग्रंथ रचला, आणि त्याच्या पहिल्याच भागात हा प्रश्न आहे: मुलाला घरी शिकवावे की शाळेत? त्याचा निर्णय शाळेच्या बाजूचा आहे. ज्याला उद्या चारचौघांत उभे राहावयाचे आहे त्याने लहानपणापासून माणसांना बुजू नये. घरी मूल आपल्याला शिकविलेले तेवढेच शिकते, शाळेत दुसऱ्याला शिकविलेलेही शिकते. बरोबरीच्यांशी चढाओढ घरी कोठून यावयाची? शिवाय दुर्गुण शाळेतच लागतात असे नाही, घरच्या लाडांनीही मुले बिघडतात, हेही तो सांगतो. अभिजात पद्धतीने घरी शिकविणाऱ्यांचा आद्यगुरूच गृहशिक्षणाच्या विरुद्ध साक्ष देतो, ही गंमत हाती लागताच आम्ही विजयी मुद्रेने ते पान कन्येपुढे ठेवले.

तिने ते वाचले, मान्य केले, आणि पुढच्याच महिन्यापासून शुक्रवारची बैठक सुरू केली. आसपासच्या घरी शिकणाऱ्या मुलांतून सात मुले जमली: दोन तेलुगू, एक कोरियन, एक कृष्णवर्णीय कुटुंबातील भावंडांची जोडी, एक गोरा मुलगा आणि आमची नात. प्रत्येक आठवड्यास एक आई किंवा बाप शिकवी. आम्ही गेलो की शुक्रवार आमचा. २०२२ साली ही मुले बारा वर्षांच्या आसपास पोचली, म्हणजे सेयर्सबाईंच्या दुसऱ्या अवस्थेत, आणि आम्ही त्यांना न्यायशास्त्राची तोंडओळख करून देण्याचे ठरविले. धूर पाहून अग्नीचे अनुमान करावयाचे ते केव्हा खरे ठरते. जेथे अग्नी नाही असे निश्चित ठाऊक आहे त्या ठिकाणी, म्हणजे विपक्षात, धूर नाही ना हे पाहणे का आवश्यक. हेत्वाभास म्हणजे काय. सत्य शोधण्यासाठी बोलणे तो वाद, जिंकण्यासाठी बोलणे तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याचे नुसते पाडणे ती वितंडा, हा भेद मुलांना विलक्षण आवडला. अर्थात प्रारंभी सर्वांनी वितंडाच पसंत केली. मग कन्येने नियम घातला: उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे, त्याने मान हलवावी इतक्या प्रामाणिकपणे, मांडून दाखवावयाचे. आपले शास्त्रकार पूर्वपक्ष आधी का मांडीत, हे आम्हांस त्या कोरियन मुलाने तेलुगू मुलीचे म्हणणे मांडताना केलेली धडपड पाहून खरेखुरे कळले. एकट्या मुलाला घरी पाठांतर देता येते. वाद देता येत नाही. त्याला समोर दुसरे माणूस लागते, आणि ते आपल्यासारखेच नसेल तर अधिक बरे.

आता तो प्रसंग सांगतो, ज्यासाठी आम्ही आज उभे आहोत. वाचनाला मराठी असावे म्हणून आम्ही आपल्या ज्ञातीची स्मरणिका बरोबर नेली होती. एका शुक्रवारी प्रत्येकाने घरातील कोणत्याही छापील मजकुरातून एक अनुमान आणावयाचे होते. आमच्या नातीने स्मरणिकेतील प्रास्ताविक आणले आणि त्याचे भाषांतर करून सांगितले. त्यात लिहिले होते, की आपली ज्ञाती स्वभावतःच विद्याप्रिय आहे, आणि पुरावा म्हणून पुढे दिलेली गुणवंत विद्यार्थ्यांची यादी पाहावी. नातीने विचारले, "यादीत सगळी ज्ञातीचीच मुले आहेत. ज्ञातीबाहेरच्या मुलांना किती गुण मिळाले, ते कुठे लिहिले आहे? आजोबा, विपक्ष कुठे आहे?"

सभेतील काही मंडळी हसत आहेत; त्यांना ठाऊक आहे, की ते प्रास्ताविक आमच्याच हातचे आहे.

त्या क्षणी आम्ही काय केले असेल? "मोठ्यांना उलट बोलू नये," असे आम्ही म्हणालो. सहा मुलांच्या देखत म्हणालो. नात गप्प झाली. नंतर त्या भावंडांच्या जोडीतील धाकट्याने अत्यंत आदराने विचारले, की हे जे आजोबा बोलले, तो वाद की जल्प? ज्ञातिबंधूंनो, आम्ही त्या खोलीतून उठून बागेत गेलो आणि बराच वेळ आत आलो नाही. आपल्या संमेलनात दरसाल श्लोकपाठांतराची स्पर्धा होते. पाच-सहा वर्षांचे बालक घडाघडा म्हणू लागले की आपले डोळे भरून येतात. तेच बालक बारा वर्षांचे होऊन अर्थ विचारू लागले की आपण त्यास शिष्टाचार शिकवितो. म्हणजे अभिजात शिक्षणाचा पहिला मजला आपणांस हवा असतो. दुसऱ्या मजल्याचा जिना आपणच काढून घेतो. सायंकाळी आम्ही नातीची क्षमा मागितली, आणि ते अनुमान सदोष असल्याचे लिहून दिले. तो कागद तिने जपून ठेवला आहे.

या मार्गाची किंमत सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कन्येची नोकरी गेली ती गेली. सात वर्षांनंतर त्या व्यवसायात परतताना तिला कनिष्ठ जागेवरून आरंभ करावा लागला. लक्ष्मीबाईंची पहाट आणि आमच्या कन्येची सात वर्षे, या दोन्ही गोष्टींचा हिशेब कोणत्याही ग्रंथात नाही. घरातील एक माणूस, आणि बहुधा ती आईच, आपले आयुष्य बाजूस ठेवते, तेव्हा हे घडते; एकाच्या मिळकतीत भागत असेल तेव्हाच घडते. आमच्या सौभाग्यवती एकदा म्हणाल्या, "शिकवण्यात बाप का नाही?" त्यानंतर जावयाने गणित आपल्याकडे घेतले, हे येथे नमूद करतो. येथील कुटुंबांनी मुले शाळेतून काढावीत, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. आपल्याकडे २०१० पासून अमलात असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शाळेचा हक्क मान्य केला आहे. त्यात गृहशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख नाही. पुण्यामुंबईकडील काही कुटुंबे तरीही घरी शिकवितात, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षेस मुले बसवितात. तेथील माध्यमिक परीक्षेला वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. ज्यांना त्या वाटेने जावयाचे असेल त्यांनी आधी घरातील सर्वांशी बोलावे, आणि मग आमच्याकडे यावे.

शाळा सांभाळूनही यातले काही करता येते. रात्री पुस्तक मिटून "आता तूच सांग" म्हणावयास पैसे पडत नाहीत. आठवड्यातून एकदा सात मुले एकत्र बसविण्यासही फारसे पडत नाहीत.

नात ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील सरकारी माध्यमिक शाळेत दाखल झाली. निर्णय तिचाच, तिने पूर्वपक्ष व उत्तरपक्ष दोन्ही लिहून आईवडिलांपुढे ठेवले होते. शाळेत ती वादविवादाच्या संघात आहे. पहिल्या सत्रात भूमितीत तिला कमी गुण मिळाले, हेही सांगतो, नाहीतर विपक्ष दडविला असे व्हावयाचे. संस्कृत अजून आमच्याकडेच आहे. तिने या भाषणाचा मसुदा वाचला, आणि एक प्रश्न लिहून पाठविला, तो येथे मांडण्याचे वचन आम्ही दिले आहे.

आम्ही येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ आपल्या ज्ञातीच्या सभागृहात बारा वर्षांवरील मुलामुलींसाठी संस्कृत व तर्क यांचा वर्ग घेण्याचे ठरविले आहे. शुल्क नाही. सतरंज्या सभागृहातच आहेत. फळा आम्ही आणू. कार्यकारी मंडळाने खोली देण्याचे मान्य केले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. नातीचा प्रश्न असा, की त्या वर्गात शेजारच्या चाळीतील मुले, म्हणजे आपल्या ज्ञातीची नसलेली, येऊन बसली तर चालेल काय? मंडळाने त्यावर अद्याप निर्णय दिलेला नाही. अध्यक्षमहाराजांनी अनुज्ञा दिल्यास तो प्रश्न आजच्याच सभेत मतास टाकावा, अशी आमची विनंती आहे.